पिंपातली मरळ

२००६ साल. मला एकसष्टावं लागलं होतं. शाळा दुसरीपर्यंत, पण हाटकेशच्या कारखान्यांच्या गाळ्यांत पितळी नळांना निकेल चढवावं तर मीच, हे तिथले मालकसुद्धा मानायचे. काम सुटलं तसा मी गळ घेऊन गाळ्यांमागच्या तळ्यावर बसायला लागलो. तिथली मरळ मला जशी लागायची तशी दुसऱ्या कुणाला लागली नाही.

त्याच वर्षी लेक पहिल्या बाळंतपणाला घरी आली. आमच्यात पोटुशीला मरळ घालतात, अंगात रक्त भरतं. ती यायच्या आठवडाभर आधीच मी जिवंत मरळी आणून मोरीतल्या निळ्या पिंपात सोडल्या. रोज पाणी बदलायचं, चिमूटभर हळद टाकायची. आठवडाभरात चिखलाचा वास जातो, मासा आतून धुतला जातो. माझ्या बापाची रीत.

पहिल्याच जेवणाला पोरीनं वाटी बाजूला सारली. ती एका कंपनीत सांडपाणी तपासायच्या कामाला होती.

"बाबा, ही मरळ गाळ्यांमागची का?"

"मग काय! आठवडाभर धुतलीय."

"वास गेला असेल. निकेल, क्रोम, शिसं असलं तर ते नाही जायचं. जड धातू माशाच्या काळजात, मांसात साठतात. मी खाल्लं की माझ्या बाळाला."

"विष असतं तर मासा मेला नसता? जाऊन बघ, पिंपात कसा उड्या मारतोय!"

"लगेच मरत नाही, म्हणूनच तर साठत जातं."

"आता तू मला मासा शिकवणार?"

बायको आतून म्हणाली, "पोरीनं हट्ट कुणाचा उचललाय ते आरशात बघा जरा."

पोर काही हसली नाही. "नळावर निकेल चढवलं आणि आठवडाभर पाण्यात ठेवलं, तर उतरतं का हो बाबा?"

"माझ्या हातचं? जन्मात नाही!"

बोलून गेलो, आणि माझीही वाटी बाजूला सारली.

तरी कुणी सांगितलं म्हणून मानणारा मी नव्हे. माझ्या वेळी गाळ्यांचं पाणी रस्त्याकडच्या गटारात जायचं, तळ्याशी त्याचा संबंध नव्हता. म्हणून तर मी निर्धास्त होतो. जेवण टाकून उठलो आणि तळ्याच्या काठानं उलटा गाळ्यांपर्यंत चालत गेलो. नव्या बिल्डिंगच्या भिंतीनं जुनं गटार बुजलं होतं आणि सगळं पाणी मागच्या बाजूनं तळ्याकडे वळलं होतं. पाण्याला हिरवट झाक. ती मी नाही ओळखणार तर कोण? निकेलची टाकी धुतली की असंच पाणी निघायचं.

घरी आलो. मरळी मारून लांब पडीक जागेत खोल खड्ड्यात पुरल्या. तळ्यात परत सोडल्या असत्या तर दुसऱ्या कुणाच्या लेकीच्या ताटात गेल्या असत्या.

"तळं बंद," मी पोरीला सांगितलं. "पण तुला मासा घालणार तो मीच."

"बाबा, बाजारातून आणा ना सरळ."

"माझी लेक माहेरी आलीय आणि मी बाजारचा घालू?"

तिनं कपाळाला हात लावला. "बरं. मग ज्याच्या वरच्या अंगाला एकही कारखाना नाही अशा पाण्यातला आणा. आणि लहान आणा. जुन्या, मोठ्या माशात जास्त साठलेलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी काशीमीऱ्याहून बस पकडून चेणे गावी उतरलो. ओढ्यावर एक जण म्हशी धूत होता. त्याला विचारलं, "वर काय आहे?"

"काय न्हाय काका, नुसतं रान हाय."

त्याच्याही शब्दावर राहिलो नाही. काठाकाठानं पार वर चढून गेलो, स्वतःच्या डोळ्यांनी बघून खाली आलो, आणि मगच गळ टाकला.