बायकोच्या व्हिसावर

लोहाऱ्याच्या स्टँडवर उमरग्याची जीप भरत होती. महादेवच्या पायाशी मोठी बॅग होती आणि कडेवर आमची गिरिजा. तिसरं वर्ष नुकतंच लागलेलं लेकरू, ताजं ताजं जावळ काढलेलं. स्वतःच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवत ती खिदळत होती. पानटपरीवाल्या शिवाप्पांनी बॅग उचलून टपावर चढवली आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "महादेवराव, नीट जावा. पोचलाव की फोन करा."

"मी न्हाय चाललो," महादेव म्हणाला. "ही चाललीया. इंग्लंडला."

शिवाप्पांनी माझ्याकडं पाहिलं, मग गिरिजाकडं, मग टपावरच्या बॅगेकडं. ती खाली उतरवावी की राहू द्यावी, असा पेच त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होता. शेवटी त्यांनी ती राहू दिली आणि टपरीकडं गेले. मी जीपमध्ये बसले. गिरिजानं टाटा केला, कारण जीप दिसली की टाटा करायचा एवढं तिला कळत होतं. उमरगा येईपर्यंत मी रडले, हे इथं लिहून टाकते, म्हणजे मला दगडाच्या काळजाची म्हणणाऱ्यांना पुढचं वाचायला सोपं जाईल.

नवऱ्याचं नाव असं सरळ लिहिलेलं आत्यांना आवडणार नाही. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. मी सासूला आत्याच म्हणते. पण आता एवढं सगळं झाल्यावर नावाचं काय घेऊन बसायचं?

मी जळकोटची. नर्सिंग सोलापुरात केलं, तिथंच एका दवाखान्यात नोकरी केली. लग्नानंतर ती सुटायची वेळ आली तेव्हा वडील म्हणाले होते, "शिकल्यालं चुलीत घालू नगंस." महादेवचं लोहाऱ्यात पाण्याच्या मोटारींच्या वाइंडिंगचं दुकान. माणूस शांत, कामाला पक्का. समुद्रकाठच्या एका इंग्रजी गावातल्या वृद्धाश्रमानं मला नोकरी देऊ केली, तेव्हा माझ्याआधी त्यानंच नकाशात ते गाव शोधलं. नोकरी नर्सची नव्हती, म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या केअर वर्करची होती. तिकडं नर्स व्हायला तिकडच्या परीक्षा द्याव्या लागतात. त्या तिथं गेल्यावर देऊ असं आम्ही ठरवलं. तेव्हा केअर वर्करलाही नवरा आणि लेकरू सोबत नेता यायचं. तिघांनी मिळून अर्ज करायचा, तिघांनी मिळून उडायचं, असा बेत होता.

पण गिरिजाचं जावळ राहिलं होतं. आमचं कुलदैवत सोनारीचा भैरोबा. जावळ निघणार ते तिथंच, चैत्रातल्या यात्रेला, मामाच्या मांडीवर. आत्या म्हणाल्या, "जावळ काढल्याबिगर लेकराला म्या समिंद्रापार धाडणार न्हाय." महादेवनं मान हलवली. मीही हलवली. माझ्या भावानं नवा पांढरा शर्टसुद्धा शिवायला टाकला. चैत्र झाला की अर्ज करू, असं आम्ही व्हिसाच्या एजंटला कळवलं.

फाल्गुनात त्याचाच फोन आला. नियम बदलला होता. यापुढं केअर वर्करनं एकटं यायचं; नवरा नाही, लेकरू नाही.

तेव्हापासून मला सगळ्यांनी ऐकवलं. तिकडं आधीच पोचलेल्या, गाडीचे हप्ते भरणाऱ्या शहाण्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, जावळापायी अशी संधी घालवलीत? आपली माणसं कधी सुधारणार? गावाकडच्यांचं निराळंच. देवालाच तुमचं जाणं मंजूर नव्हतं म्हणे. मला दोन्ही पटत नाही. देव आमचा, लेकरू आमचं, चैत्र आमचा. चाललेला नियम मध्येच बदलून दार लावून घेणारे ते, आणि उशीर केला म्हणून चूक आमची? म्हाताऱ्यांना उठवायला, न्हाऊ घालायला, भरवायला आमचे हात त्यांना पाहिजेत. त्या हाताला धरून चालणारं लेकरू मात्र नको. एवढं साधं गणित आहे आणि ते सोनारीत बसून केलं तरी सुटतं.

आम्ही जावळ काढलं. वाजतगाजत काढलं, भैरोबाला गुलाल उधळून. आणि मग मी एकटी निघाले.

वृद्धाश्रमात माझ्यासोबत केरळची लिसी होती. तोच गणवेश, तीच ड्युटी, तेच काम. फरक एवढाच, की ती माझ्याआधी आली होती, म्हणून तिचा नवरा आणि दोन मुलं तिच्यापाशी होती. तिनं मला एका रविवारी जेवायला बोलावलं. दारात शाळेचे चिखल लागलेले छोटे बूट पडले होते. मासे छान झाले होते असं मी म्हणाले, पण खरं सांगायचं तर माझं लक्ष त्या बुटांकडंच होतं. लिसीचा मला हेवा वाटला, तिच्या चांगुलपणासकट वाटला. तिला ते कळलं असावं, कारण त्यानंतर ती मला जेवायला नाही, अभ्यासाला बोलवायला लागली.

तिकडं लोहाऱ्यात गिरिजाच्या डोक्यावर केस यायला लागले. आधी काळी सावली, मग कुरळ्या बटा, मग आत्यांनी लाल रिबिनीनं घातलेल्या दोन शेंड्या. हे सगळं मी मोबाइलच्या काचेतून पाहिलं. एकदा तिनं मला पोळी भरवायला काचेला तुकडा लावला. मी तोंड उघडलं, चावल्यासारखं केलं, आणि फोन ठेवल्यावर कपडे धुवायच्या खोलीत जाऊन बसले.

लोक बोलायचे. लेकरू टाकून गेली. नवऱ्याला सैंपाकाला लावलं. महादेवचे थोरले मामा तर घरी येऊन आत्यांना सांगून गेले, तिला माघारी बोलवा, न्हायतर पोराचं दुसरं बघा. हे मला आत्यांनीच फोनवर सांगितलं. मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"च्या घ्या आन जावा म्हन्ले."

त्या दिवशी मी ठरवलं, ज्या दारातून नवरा-लेकरू आत येऊ देतात, त्या दारापर्यंत जायचं. नर्सच्या व्हिसावर कुटुंब आणायची मुभा अजून शिल्लक होती. किती दिवस राहील, कुणालाच सांगता येत नव्हतं. इंग्रजीची परीक्षा झाली, संगणकावरची झाली. प्रात्यक्षिकात मात्र मी आपटले. समोर रुग्ण म्हणून एक आजोबा होते, उशीवरून घसरलेले. मी जाऊन त्यांना काखेत हात घालून वर सरकवलं आणि म्हणाले, "बसा आजोबा." परीक्षकबाईंनी मान हलवली. हात लावायच्या आधी त्यांची परवानगी घेतली नव्हती. सोलापुरात मी असं विचारत बसले असते तर आजोबाच म्हणाले असते, पोरी, विचारतीस काय, उचल की! पण परीक्षा त्यांची होती. मी महिनाभर लिसीच्या मुलांना रुग्ण करून त्यांची परवानगी मागत राहिले. मुलं वैतागून नाही म्हणायला लागली. दुसऱ्या वेळेला पास झाले.

नर्सच्या कामावर रुजू झाले आणि त्याच आठवड्यात महादेव आणि गिरिजाचा अर्ज टाकला. या वेळी आत्यांनी मुहूर्त विचारला नाही. "दार उघडं हाय तंवर टाका," एवढंच म्हणाल्या.

व्हिसा आला तेव्हा लोहाऱ्यात लई करमणूक झाली. महादेव दुकान आवरत होता तर येणारे-जाणारे विचारायचे, "काय महादेवराव, नांदायला चाललाव म्हनं?" तो म्हणायचा, "व्हय, चाललोय. सासुरवास झाला तर माघारी येतो." हा माणूस एवढा हजरजबाबी आहे हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळलं. इथल्या शाळेच्या फाटकापाशी इतर मुलांच्या आया विचारतात, तुम्ही इकडं कसे आलात? तो सरळ सांगतो, बायकोच्या व्हिसावर. त्याच्या मिशीचा एक केससुद्धा हलत नाही. सकाळी गिरिजाच्या वेण्या तोच घालतो, माझ्यापेक्षा घट्ट. तार गुंडाळायची सवय.

आमच्या भागातून पूर्वी परदेशी जायचा तो इंजिनियर मुलगा. मागून बायको जायची, डिग्री पेटीत ठेवून. आता वारं फिरलंय. परवा आईनं सांगितलं, की मुलांच्या बायोडाटात लिहून येतंय, नर्स मुलीस प्राधान्य. माझ्या वेळी याच घरांनी नाकं मुरडली होती, नर्स म्हणजे रात्रपाळी, नको बाई! आता त्याच घरातली पोरं पुण्यात जाऊन तिकडच्या नोकरीसाठी परदेशी भाषा शिकणाऱ्या नर्स मुलींच्या मागं आहेत. मुलींनो, घाई करू नका. त्यांना भाकरी थापता येते का, ते आधी विचारा.

आणि जे आधी येऊन स्थिरावलेत, त्यांनाही एक सांगते. आम्ही नियमानं आलो, असं म्हणत आता दाराला आतून हात लावू नका. नियम म्हणजे तुम्ही आलात त्या वर्षीचं हवामान होतं. आता तर कायमचं राहायला मिळायची मुदतही लांबवायचं चाललंय. लांबवू देत. आम्हाला थांबता येतं. पण माझं कुटुंब केवढं, हे ठरवायचा अधिकार मी कुणाला दिलेला नाही.

आत्या मात्र लोहाऱ्यात एकट्या राहिल्या. मुलाच्या आईला कायमचं आणायला इथं जवळजवळ वाटच नाही. एकच व्हिसा मिळण्यासारखा आहे, पाहुण्यांचा, ठरावीक महिने राहून परत जायचा. मी त्यांना फोनवर समजावून सांगितलं.

"म्हंजी लेकाच्या घरी म्या पाव्हनी?"

"कागदावरच, आत्या."

"कागदावर बी न्हाय यायची."

मी चिडले, महादेव चिडला, गिरिजानं रडून पाहिलं. आत्या हलल्या नाहीत. त्यांचा राग मला आधी हट्ट वाटला. पण विमानतळावर खिडकीपलीकडचा माणूस मला विचारतो, किती काळ राहणार, तेव्हा माझ्या अंगातून जे जातं, तेच त्यांच्या अंगातून गेलं होतं. फरक इतकाच, की मी उत्तर देते.

म्हणून या उन्हाळ्यात आम्हीच गेलो. आता खरं सांगायचं तर गावाकडंही तोच प्रश्न असतो. जीपमधून उतरत नाही तोवर लोक विचारतात, कधी आलीस आणि कधी जाणार? इंग्लंडमध्ये परकी, लोहाऱ्यात चार दिवसांची. घर कुठलं म्हणून कुणी विचारलं तर जीभ अडखळावी, अशी ही अवस्था. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की घर म्हणजे महादेव आणि गिरिजा, बास, बाकी जागांचा हिशेब नको.

आत्या आम्हाला घ्यायला स्टँडवर आल्या होत्या. गिरिजाला त्यांनी कडेवर घेतलं, ती आता पेलत नव्हती तरी. शिवाप्पांनी टपरीतून मान बाहेर काढली आणि मला हसून विचारलं, "काय मॅडम, किती दिवसाचा मुक्काम?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्या वळल्या.

"मुक्काम पाव्हन्याला इचारायचा, शिवाप्पा. ती घरला आलीया."