पहिल्या मजल्यावरचा माग

आधी हातातला कप खाली ठेवा. नाहीतर चहा नाकातून येईल आणि बोल मला लागेल. मी जो घोटाळा करून बसलोय ना, तो ऐकून आमचा मेव्हणा तीन दिवस फोनवर नुसता हसत होता, शब्द एक नाही!

तर आमची सुलभा. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण तिच्या आयुष्यातला पहिला पुरुष मी नाही, हे मला लग्नानंतर चौथ्या दिवशीच कळलं. घाबरू नका, तो पडद्यावरचा आहे. सासरे कुर्डुवाडीला रेल्वेत होते. तिथे हॉलमध्ये पांढरा पडदा बांधून जुने इंग्रजी सिनेमे दाखवायचे, नाचगाण्याचे, काळे-पांढरे. त्यात एक हीरो. उंच काळी टोपी, मागे दोन शेपट्या असलेला कोट, हातात काठी आणि बुटांच्या तळाला लोखंडी पत्रे. तो नाचायला लागला की जमीन वाजायची म्हणे. शाळकरी सुलभा त्या हॉलमध्ये जी बसली ती अजून उठलेली नाही.

नाव विचारू नका. आमच्या घरात त्याचं नाव घेत नाहीत. "ते" म्हणतात! "ते जिन्यावरून नाचत उतरतात ना, अहो, बघत राहावं." आता तुम्हीच सांगा, मराठी बाई "ते" कुणाला म्हणते?

मी जळलो का? जळलो की. पहिली पंचवीस-तीस वर्षं चांगला जळलो. मग मुलाने टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं, रोज जेवताना "ते" आमच्या ताटासमोर नाचायला लागले, आणि कसं कोण जाणे, मलाच त्या माणसाचं वेड लागलं. काय माणूस हो! एवढं नाचून धाप लागत नाही. कपाळावर घाम नाही. टोपी जागची हलत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तो स्वतःच्या पायांकडे कधी बघतच नाही. पाय त्यांचं काम करत असतात, आणि हा बघत असतो बरोबरच्या बाईकडे. जणू नाचतेय ती, आपण आपले सोबतीला आलोय. दुसऱ्याला एवढा मान देऊन नाचणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. अजूनही त्याला बघून मला भरून येतं, खोटं कशाला सांगू?

पण एकदा जेवताना मी टीव्हीवरची नजर काढून सुलभाकडे पाहिलं. भाकरीचा तुकडा हातात तसाच, तोंड किंचित उघडं, डोळे थेट शाळकरी पोरीचे. आणि वाटून गेलं, एकदा, फक्त एकदा, या बाईने माझ्याकडे असं बघावं.

इथेच माझं डोकं फिरलं. लग्नाचा पस्तिसावा वाढदिवस तीन आठवड्यांवर आला होता. मी ठरवलं, नाचायचं! वय एकसष्ट, विमा कंपनीतून निवृत्त, आयुष्यात गणपतीच्या मिरवणुकीतसुद्धा फक्त टाळ्या वाजवलेल्या.

लग्नातले काळे बूट काढले आणि कोपऱ्यावरच्या चांभाराकडे नेले. म्हटलं, "पुढे-मागे लोखंडी नाल ठोक. भरपूर."

त्याने बूट बघितले, मग मला बघितलं. "सायेब, घोड्यावर बसनार हाय का घोडा व्हनार हाय?"

सुलभा रोज चार ते साडेपाच भजनी मंडळात जाते. ती जिना उतरली की मी बूट चढवायचो. आम्ही राहतो सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे सगळीकडे विणकरांची वस्ती. आजूबाजूच्या कारखान्यांत दिवसभर माग खडखडत असतात. मी हिशेब केला, एवढ्या आवाजात माझे पाय कुणाला ऐकू येणार?

खालच्या मजल्यावर अंबय्या मामा राहतात. तेलुगू विणकर, वय पंच्याहत्तर. पोरपणी हातमाग, पुढे सगळं आयुष्य यंत्रमाग. आता गुडघे गेले म्हणून खाटेवर पडून छताकडे बघत असतात. त्यांचं छत म्हणजे माझी फरशी, हे माझ्यासारख्या हुशार माणसाच्या लक्षातच आलं नाही.

चौथ्या दिवशी मामांनी भिंत धरत दारापर्यंत येऊन मला जिन्याखाली गाठलं. "काय सायेब, चालू केलं म्हना की!"

मी दचकलो. "तुम्हाला ऐकू येतं?"

"न्हाय येनार व्हय? डोक्यावरच हाय की आमच्या."

"मामा, पाया पडतो, सुलभाला सांगू नका."

"बाईंना म्हाईतच न्हाय?" मामांचे डोळे पांढरे झाले. "मग ठेवता कुटं?"

"पलंगाखाली."

मामांनी हाताने जमिनीपासून गुडघ्याएवढी उंची मापली. मग हळूच म्हणाले, "लईच ल्हान दिसतंय."

माझ्या पायाचं माप काढतायत असं समजून मी म्हणालो, "आठ नंबर." ते मान डोलावत आत गेले.

दोन दिवसांनी त्यांची सून भेटली. "काका, टॉवेल काडताय म्हनं. आमाला बी चार द्या की." मग किराणावाल्याने डझनाचा भाव विचारला. आता सोलापूरकराकडे जग दुसरं काय मागतं? पुण्याचे नातेवाईक तर खुशाली विचारायच्या आधी चादर मागतात. मी सवयीने म्हणालो, "बघतो हं." झालं! साहेबांनी वर माग बसवलाय, यावर गल्लीचा शिक्का बसला. मला मात्र पत्ता नाही. मी आपला टक-टक-टक, थांब, चुकलं, टक-टक.

वाढदिवसाचा दिवस उजाडला. संध्याकाळी पाच वाजता सुलभाला भजनाला जाऊ न देता सोफ्यावर बसवलं. मी आतून आलो, लग्नातला कोट, बटणं पोटावर लागत नव्हती म्हणून उघडाच, डोक्यावर नातवाच्या गॅदरिंगमधली पुठ्ठ्याची टोपी, हातात सासऱ्यांची काठी. ती म्हणाली, "अहो, हे काय?" मी बोट ओठांवर ठेवलं आणि सुरू झालो.

टक-टक-टक! सुलभाचं तोंड किंचित उघडलं. देवाशपथ सांगतो, ती नजर येऊ लागली होती. निघाली होती. अर्ध्या वाटेवर होती.

आणि दारावर थाप पडली.

बाहेर अंबय्या मामा, सुनेच्या खांद्याला धरून जिना चढलेले, आणि मागे रफिक मेस्त्री, माग दुरुस्त करणारे. हातात पान्यांची पिशवी आणि तेलाचा डबा.

"साब, माग किधर है?" मेस्त्री थेट आत शिरले. "आवाज तो इधरसेच आरा था."

"पलंगाखाली बघ," मामा म्हणाले. मेस्त्री वाकले आणि एक जुनी सुटकेस बाहेर ओढून उभे राहिले.

"कसला माग?" मी ओरडलो.

मामा समजुतीने म्हणाले, "सायेब, लाजू नका. तीन आटवडे ऐकतोय. तुमचा माग दर चवथ्या ठोक्याला अडकतोय. अशा मागावर कापड न्हाय निघत, निस्ता गुंता निघतो. माज्याच्यानं ऐकवंना, म्हनून मेस्त्रीला आनलं."

मी पाय वर करून नाल दाखवली.

सुलभा हसली. म्हणजे किती? सोफ्यावरून घसरली. मेस्त्रींनी तेलाचा डबा खाली ठेवला आणि तोंडाला रुमाल लावून खिडकीकडे वळले. मामा तेवढे हसले नाहीत. त्यांना दुरुस्तीशी मतलब. "काडा ते बूट," म्हणाले.

माझे बूट घालून ते खुर्चीत बसले, कारण उभं राहणं त्यांना जमत नाही. हातमागावर पायाखालच्या पट्ट्या दाबायच्या, हाताने धोटा, म्हणजे आडव्या दोऱ्याची नळी, इकडून तिकडे फेकायचा, हे ज्यांनी दहाव्या वर्षापासून केलं, त्यांचे पाय ते. "ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू," त्यांनी तेलुगूत मोजलं आणि सुरू केलं.

काय सांगू! चौथा ठोका असा पडला, जसा पडायला हवा होता. मग वेग वाढला, पुढे चवडा, मागे टाच, मध्ये एक हलकीशी थाप. फरशी गायला लागली. कपाळावर घाम नाही. आणि मामा पायांकडे बघतच नव्हते. समोर बघत होते, जिथे कापड तयार होत असतं तिथे. मी ओरडणारच होतो, "अहो, हेच! 'ते' हेच करतात!"

म्हणून सुलभाकडे वळलो.

तोंड किंचित उघडं. डोळे थेट शाळकरी पोरीचे. आली होती, ती नजर आली होती! पस्तीस वर्षं जिची वाट पाहिली ती, माझ्या घरात, माझ्या लग्नाच्या वाढदिवशी, माझ्याच बुटांवर खिळलेली.

पाय तेवढे माझे नव्हते.