दादाच्या वाटचं तूप

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. जयपूरला आम्ही तिघं राहायचो: मालगाडीवर गार्ड असलेला माझा मोठा भाऊ, वहिनी, आणि कॉलेजच्या नावाखाली त्यांच्याकडे येऊन पडलेला मी. मी काडीपैलवान, दादा गणपती. उन्हाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांनी त्याला बजावलं की पुढच्या तपासणीपर्यंत वजन उतरलं नाही तर गाडी बंद, मग ऑफिसातलं टेबल. दादाचा सगळा जीव गाडीत. टेबलाचं नाव काढलं की त्याचा चेहरा उतरायचा.

नेमका तेव्हाच मी मुरलीपुऱ्यातल्या एका व्यायामशाळेत जायला लागलो होतो. वहिनींनी एकाच स्वयंपाकात दोन्ही प्रश्न सोडवले. दादाच्या पानातलं काढायचं, ते माझ्या पानात घालायचं. त्याला दोन कोरडे फुलके आणि उकडलेला दुधी. मला तूप, घट्ट वरण, दही, भिजवलेले हरभरे. पानात वाढलेलं टाकायची आमच्याकडे सोय नव्हती. वर दादा स्वतः आपल्या वाटची तुपाची वाटी माझ्या भातावर उपडी करायचा. "खा रे, माझं तुझ्या दंडात जाऊ दे," म्हणायचा आणि पाणी पिऊन उठायचा. माझ्या तोंडात घास फिरायचा. तरी गिळत होतो. दंड भरत होते ना!

दादाचं वजन उतरलं. वहिनींनी शनिवारी मारुतीला नारळ फोडला. मला मात्र लक्षण काही बरं दिसेना. त्याची गालफडं बसली, हातांच्या काटक्या झाल्या, आणि पोट बनियनखाली होतं तिथंच ठाण मांडून. मग लूच्या गरम झळा सुरू झाल्या. कूलरमध्ये पाणी भरायचं काम दादाचं. भरलेली बादली तो एका हातानं उचलून ओतायचा. त्या दिवशी बादली गुडघ्यापर्यंत आली आणि परत खाली टेकली. मी पुढे होऊन ती उचलली, आणि मेलं माझं मन, त्याला तेवढ्यातही बरं वाटलं. दादा माझ्या दंडाकडे बघत होता. त्याच्याच तोंडचं काढून कमावलेले होते ते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवताना मी माझं वरण आणि दही त्याच्यापुढे सरकवलं. नुसतं उपाशी राहिलं की चरबीबरोबर अंगातलं मांसही झडतं, ते राखायचं तर वरण-दही पोटात हवं आणि वजनं उचलायला हवीत, असं व्यायामशाळेत सगळेच म्हणायचे. मी तेच ऐकवलं. वहिनी भडकल्या.

"भाऊजी, यांची गाडी घालवायचीय का तुम्हाला?"

मी म्हटलं, गार्डाची ड्यूटी काय वजनाच्या काट्यावर बसून करायची असते? माझ्या जिभेला कधी हाड नव्हतंच. पण दादानं माझं ऐकलं. रोज सकाळी अंगणात आम्ही बादल्या उचलायला लागलो, आधी अर्ध्या, मग भरलेल्या. कचोरी, तूप बंदच. वरण मात्र पोटभर. हळूहळू दादाचे खांदे परत आले, पोट ओसरलं. पट्ट्याला खिळ्यानं नवी भोकं पाडावी लागली. मी तर हवेतच होतो.

तपासणीला मीही बरोबर गेलो. दादा काट्यावर उभा राहिला, आणि काटा जवळजवळ पहिल्याच जागी जाऊन थांबला. पोटाचं गेलं तेवढं खांद्यांवर चढलं होतं. मी डॉक्टरांना पट्टा दाखवला, हिंदीत भाषण ठोकलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, कागदावर वजनाचा रकाना आहे भैया, पट्ट्याचा नाही. दादाला टेबल मिळालं.

वहिनी मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. गप्प राहिलो असतो, तर हाडांचा सापळा होऊन का होईना, तो गाडीवर राहिला असता. आजही मनातून ते जात नाही.

ऑफिसातून पहिल्या दिवशी घरी आला तेव्हा दादानं शर्ट बदलला, भरलेली बादली एका हातानं उचलली आणि कूलरमध्ये ओतली. मग जेवायला बसला. आता काट्याची भीती संपली होती, म्हणून वहिनींनी त्याच्या पानाशी तुपाची वाटी ठेवली. त्यानं ती उचलून माझ्या भातावर उपडी केली.

"टेबलावर बसायला कशाला लागते ताकद? तू खा."

पानात पडलेलं टाकता येत नव्हतं. मी खाल्लं.