उंच गाडी आणि मामांचे हात

माझ्या सासऱ्यांनी लष्करात असताना लडाखच्या बर्फात ट्रक चालवले आणि निवृत्तीनंतर तासगावाजवळ बेदाण्याच्या शेडमध्ये मोटार घातली. यातलं पहिलं त्यांचं कर्तृत्व. दुसरं माझं. फक्त हे मला एकट्यालाच माहीत होतं.

सासुरवाडीच्या रस्त्यावर ज्याची ज्याची कोंबडी मेली, त्यानं त्यानं आपल्या दारापुढं एक गतिरोधक घातलाय. (कोंबड्या पुष्कळ मेल्या असाव्यात.) प्रत्येकावर आमच्या गाडीचं पोट घासायचं आणि आमच्या सौ. सुनीताबाई विचारायच्या, "आवं, मी उतरू का?" ती उतरली की गाडी सुटायची. यावर नवऱ्यानं काही बोलायचं नसतं.

मी साताऱ्याकडच्या एका साखर कारखान्यात स्टोअरकीपर. तिथं माल वाहणाऱ्या जुन्या रबरी पट्ट्याचे जाडजूड तुकडे पडलेले असतात. आमच्याकडं ते कशालाही चालतात. गोठ्यात म्हशीखाली, दारात पायपुसणं म्हणून, चपलेला तळ म्हणून. म्हशीचं वजन पेलतो तो मोटारीचं पेलणार नाही? एका रविवारी जॅक लावला, चारी स्प्रिंगांच्या वेटोळ्यांत तुकडे ठोकून बसवले, वरनं तार आवळली. गाडी चार बोटं वर आली! घरी सांगितलं, गॅरेजवाल्यानं केलं.

"लय उंच झालीया," सुनीता म्हणाली. "वळणावर डुलतीया बघा. म्हशीवर बसल्यागत वाटतंय."

"सवय होईल."

(गाडीचं तोंड वर झाल्यामुळं दिव्यांचा झोत थेट समोरच्याच्या डोळ्यांत जायचा. समोरचे माझ्या आईवरनं बोलायचे. त्याचीही मी सवय करून घेतली.)

मग आम्ही सासुरवाडीला गेलो. मामा, म्हणजे सासरे, गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "पाव्हणं, जरा चालवून बघू का?" हवालदार माणूस, आयुष्यभर स्टिअरिंग धरलेलं. नाही कसं म्हणणार? ते चालवायला, मी शेजारी, मागं सुनीता आणि सासूबाई. पहिला गतिरोधक गेला. दुसरा गेला. तिसऱ्यावर खालून 'खट्ट' झालं, गाडी डाव्या अंगाला बसली आणि समोरच्या वळणावर न वळता सरळ निघाली.

"आवं, कुटं निगालाय?" सासूबाई ओरडल्या.

"मला काय इचारतीस? गाडीला इचार!"

गाडीनं उत्तर दिलं. हिरवी जाळी, बांबू, तारा आणि सासूबाईंच्या ओटीत अर्धवट वाळलेली द्राक्षं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. फक्त जिथं चाक थांबलं, तिथं शेडवरच्या बायकांच्या जेवणाच्या पिशव्या होत्या. बायका हात धुवायला उठल्या होत्या. त्या पिशव्या मला अजून दिसतात.

शेडवाला धावत आला. "हवालदार, वय झालं तुमचं! आता गाडी सोडा!"

"आरं, ती डावीकडं वडत हुती रं," मामा म्हणाले. पण हळू.

मी मागं रस्त्यावर गेलो. तिसऱ्या गतिरोधकाशी पट्ट्याचा तुकडा पडला होता, तारेसकट. मी इकडंतिकडं बघितलं आणि तो शर्टाखाली कमरेला खोचला.

"पाव्हणं पोट धरून का चालत्यात?" सासूबाईंनी विचारलं.

"कळ आलीय जरा."

त्यांनी ओवा आणायला माणूस पिटाळला. सगळ्या गावासमोर मी मूठभर ओवा खाल्ला. मामांकडं मात्र कुणी पाणीही नेलं नाही.

त्या दिवसापासून त्यांच्या हातातली किल्ली गेली. मेव्हण्यानं मोटरसायकलची किल्लीसुद्धा काढून घेतली. मामांनी सायकलही सोडली. रानात जायचं तर कुणाच्या तरी मागं बसून. आणि त्यांच्या गाडीखाली माणूस येता येता वाचला, असं गाव बोलायचं.

पुढच्या खेपेला गेलो (आता अर्थातच एस.टी.नं), तर मामांनी माझ्यासाठी मटण केलेलं. जावई चुकतो असं त्या घरात कुणाला सुचतच नाही, ही खरी अडचण! ताट वाढलं आणि त्या माणसानं माझ्यापुढं हात जोडले.

"पाव्हणं, तुमची गाडी मोडली माझ्याकडनं. माफी करा."

"असू दे मामा," मी म्हणालो. आणि रस्सा मागितला. होय, मागितला.

मामा स्वतःचे पंजे उलटसुलट करून बघत बसले. "चाळीस वर्सं आयकलं ह्यांनी. आता सांगितल्यालं आयकंना झाल्यात."

घास तोंडातच राहिला. "मामा, हातांचं काही नाही हो. पट्ट्याचं आहे."

"कसला पट्टा?"

सांगितलं सगळं. स्प्रिंगा, तार, ओवासुद्धा. सासूबाईंच्या हातात पळी तशीच. सुनीतानं माझ्याकडं असं बघितलं, की रस्सा एकदम अळणी लागायला लागला. मामांनी पंजे मिटले. मग उठले आणि मेव्हण्यापुढं हात पसरला. "किल्ली आन."

दुसऱ्या दिवशी मामा मला गाडी ठेवली होती त्या गॅरेजमध्ये घेऊन गेले, मोटरसायकल स्वतः चालवत. मिस्त्री गाडीखालनं बाहेर आला. "तिन्ही तुकडं काढलं. ब्रेकचा पाइप ताणून फाटाय आलता. टायर एका अंगानं खाल्ल्यात, शॉकॲब्सॉर्बर गेल्यात. समदं बदलाय लागंल."

"बदल," मामा म्हणाले. मग माझ्याकडं वळून, नेहमीच्याच अदबीनं, "आनि आमचं ह्ये पाव्हणं कुटं बदलून मिळत्यात का बघ."

मिस्त्रीनं हात पुसत मला वरनं खालपर्यंत न्याहाळलं. "ह्ये मॉडेल बंद झालंय, हवालदार. हाय तेच वापरा."

आता गाडी मामा चालवतात. मी मागच्या सीटवर, वापरात आहे.