आमच्या गल्लीला मी माहीत नाही

फौजेत मी काय करत होतो, हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय, की आता मी 'कागद वाचत होतो' एवढंच सांगतो. ते खरंही आहे. मिलिटरी इंटेलिजन्स म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काळा चष्मा आणि धावती मोटारसायकल येते. माझ्यासमोर मात्र वर्षानुवर्षं होता एक लाकडी टेबल, नकाशे, फायली आणि थंडगार झालेला चहा. ढिगातून एक कामाची ओळ शोधायची आणि साहेबापुढे ठेवायची. साहेब विचारायचे, "हे तुला कोणी सांगितलं, आणि त्याला कसं कळलं?" या दोन्हींचं उत्तर नसेल तर कागद तोंडावर परत. सतरा वर्षं मी हेच केलं आणि मला ते जाम आवडायचं.

हवालदार म्हणून पेन्शनवर घरी आलो तेव्हा चाळिशी जवळ आली होती. घर आमचं धरणगाव आणि पारोळ्याच्या मधल्या एका गावात. आल्याच्या आठवड्यापासून नातेवाईक नोकऱ्या घेऊन हजर. कोणी म्हणे बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहा, फौजीला लगेच घेतात. मेहुण्यानं तर मला रावेरला केळीच्या पॅकिंग हाऊसवर सुपरवायझर म्हणून चिकटवूनच दिलं. चार महिने केलं ते काम. वाईट नव्हतं. लोक प्रेमळ, जेवण उत्तम. पण माझी खोड काही जाईना. आलेल्या ट्रकचा नंबर आपोआप डोक्यात बसायचा, कोणता ड्रायव्हर कोणाशी बोलतो हे नकळत टिपलं जायचं. एक ड्रायव्हर शेवटी वैतागून म्हणाला, "फौजीभाऊ, आम्ही केळी नेतो हो, तोफा नाही!" सगळे खो खो हसले. मीही हसलो, पण रात्री बायकोला म्हणालो, माझं डोकं इथं गंजून जाईल.

तेवढ्यात दिल्लीच्या एका नागरी गुप्तवार्ता खात्यात माजी सैनिकांसाठी जागा निघाल्या. खात्याचं नाव लिहीत नाही, सवय म्हणा. माझ्या वयाला ती शेवटची संधी होती. पुढच्या वर्षी अर्जसुद्धा घेतला नसता. लेखी झाली, मुलाखत झाली. मुलाखतीत एका बाईंनी विचारलं, "लष्करात शत्रू ठरलेला असतो. इथे समोर आपलीच माणसं असतील. जमेल?" मी म्हणालो, "मॅडम, आपल्या माणसांबद्दल लिहिताना दोनदा तपासून लिहीन." त्यांनी मान हलवली. निवड झाली. आता फक्त घराकडची चौकशी राहिली होती. खात्याचा माणूस गावात येणार, शेजारीपाजारी विचारणार, हा माणूस कसा, चालचलन काय, आणि मग ऑर्डर. मी बायकोला म्हटलं, आता काय, झालंच समज. आपल्या गल्लीत आपल्याला कोण वाईट म्हणणार? घोडं गंगेत न्हालं!

न्हालं कसलं, काठावरच अडलं. महिन्याभरानं पत्र आलं. दिलेल्या पत्त्यावर सदर व्यक्ती राहत असल्याचं आढळून आलं नाही. शेजाऱ्यांनी अशी कोणी व्यक्ती ओळखत नसल्याचं सांगितलं. पंधरा दिवसांत खुलासा करावा, अन्यथा निवड रद्द समजावी.

मी ते पत्र तीन वेळा वाचलं. ज्या गल्लीत माझी मुंज सोडून सगळं झालं, लग्नाची वरात निघाली, बाप गेला तेव्हा जिथल्या माणसांनी खांदा दिला, ती गल्ली म्हणते मी नाहीच! चप्पल न घालताच मी बाहेर पडलो. शिंप्याला विचारलं, तो मशीनवरून मान वर करेना. पिठाच्या गिरणीवाला म्हणाला, "आपल्याला काय माहीत नाय, भाऊ." अरे, मी माझ्याबद्दलच विचारतोय, आणि हा मलाही सांगेना!

शेवटी शेजारच्या अक्काकडे गेलो. अक्का आमच्या भिंतीला भिंत लागून राहते. नात्यानं कोणी नाही, पण माझ्या आईच्या मागं गल्लीत माझा कान धरणारी ती एकटीच. ती ओट्यावर मेथी निवडत होती. मी विचारल्याबरोबर तिचा चेहरा कसा खुलला म्हणून सांगू! मोठ्या अभिमानानं तिच्या अहिराणीत म्हणाली, "उना व्हता एक. मी सांगं, आठे आस्सा कोनी ऱ्हास नही भाऊ. लाई दिधा वाटले!" म्हणजे, त्याला आल्या वाटेनं परत लावून दिलं होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे सगळं माझंच कर्तृत्व होतं. इंटेलिजन्समध्ये गेल्यावर पहिल्या सुट्टीला आलो होतो तेव्हा अंगात वारं शिरलेलं. याच ओट्यावर चहा पिता पिता, मिशीला पीळ देत, मी अख्ख्या गल्लीला व्याख्यान झोडलं होतं. माझ्याबद्दल कोणी अनोळखी माणूस विचारायला आला, तर माहीत नाही म्हणायचं. मी कुठे असतो, घरात कोण असतं, काही काही सांगायचं नाही. हा देशाचा प्रश्न आहे, असंही वर म्हणालो होतो. खरं तर मी तेव्हा एका कोपऱ्यात बसून फायलींना नंबर टाकत होतो. पण गल्लीनं माझा शब्द झेलला आणि मी पेन्शनवर आलो तरी खाली ठेवला नाही. कारण आता बोललं तरी चालेल, हे त्यांना सांगायचं मी साफ विसरलो होतो.

चूक माझी, पण त्या वेळी रागानं डोळे फिरले होते. मी अक्कावर ओरडलो, "अक्का, तू माझं घर बुडवलंस! चांगली दिल्लीची नोकरी घालवलीस!" गल्ली दारात येऊन उभी. अक्काच्या हातातली मेथी तशीच राहिली. ती एवढंच म्हणाली, "मी काय पाप करं का रे?" आणि ताट उचलून आत गेली. तिच्याशी मी जन्मात असा बोललो नव्हतो.

घरी बायकोनं मला चांगलंच फैलावर घेतलं. म्हणाली, "स्वतःच करून ठेवलंत आणि आता दुसऱ्यावर खापर फोडताय! शिकवलं कोणी त्यांना?" मग आम्ही खुलासा लिहायला बसलो. मी आधी फार गोलमोल लिहिलं, गैरसमज, संपर्काचा अभाव वगैरे. बायकोनं ते फाडलं. "जे झालं ते लिहा. दिल्लीतले लोकही माणसंच असतील." मग एका पानावर खरं तेवढं लिहिलं, की माझ्या सांगण्यावरूनच गल्ली गप्प राहते, दोष त्यांचा नाही, कृपया परत एकदा विचारावं. पत्र टाकून आलो आणि अक्काकडे गेलो. तिनं माझ्याकडे पाठ फिरवली. चहा मात्र ठेवला. दोन दिवसांनी तिनंच भिंतीपलीकडून आवाज दिला, "तो परत उना तर आते काय सांगू?"

मी म्हटलं, "जे खरं असेल ते."

"बठ्ठं?"

"बठ्ठं. सगळंच्या सगळं."

मनात आलं होतं, चार चांगल्या गोष्टी शिकवून ठेवाव्यात. नाही शिकवल्या. एकदा शिकवून पाहिलं होतं, तेवढं पुरे झालं.

पुढच्या पंधरवड्यात तोच माणूस परत आला. साधा शर्ट, हातात डायरी, घामानं थबथबलेला. दुपारचं ऊन मी म्हणत होतं. मी घरात होतो. ज्याची चौकशी, त्यानं समोर जायचं नसतं, म्हणून खिडकीखाली बसून राहिलो. चोरून ऐकणं बरं नाही, पण सतरा वर्षांचा धंदाच तो. बायकोनं माझा दंड घट्ट धरला होता. मी मध्येच उठून बाहेर जाईन, याची तिला खात्रीच होती.

अक्कानं आधी त्याला पाणी दिलं. मग माझी जी काही उत्तरपूजा मांडली! हा मानूस रागीट शे. नालीच्या पाण्यावरून याचं समोरच्या घराशी दोन वर्षं वाकडं होतं. लहानपणी शाळा बुडवून नदीवर जायचा. पंधरा दिवसांमागं माझ्यावर ओरडला. दारू नाही, जुगार नाही, पण भरीत तिखट नसेल तर ताटावरून उठतो. मी कपाळाला हात लावला. बायको तोंडात पदर घालून हसत होती.

मग त्या माणसानं विचारलं, "मावशी, हे सगळं माहीत होतं, तर मागच्या खेपेला मला खोटं का सांगितलंत?"

अक्कानं जे सांगितलं ते मी, माझ्या बायकोनं, कोणीच तोवर ऐकलं नव्हतं. तिच्या बोलीत होतं, मी माझ्या शब्दांत सांगतो. मी सरहद्दीकडे होतो त्या वर्षांत एक माणूस गल्लीत आला होता. गोड बोलला, माझं नाव घेतलं, मग विचारलं, याची मुलगी कोणत्या शाळेत जाते? कोणत्या वाटेनं जाते? अक्का म्हणाली, "माले तो मानूस बरा नही वाटना." तिनं त्यालाही तेच सांगितलं, इथे असं कोणी राहत नाही. तो गेला. त्या दिवसापासून गल्लीत ठरलं, की येईल त्याला एकच उत्तर द्यायचं, मग तो कोणीही असो.

बायकोची माझ्या दंडावरची पकड सुटली. माझी पोर तेव्हा दुसरीत होती.

तो माणूस कोण होता, मला आजही माहीत नाही. एखाद्या शाळेसाठी मुलं गोळा करणारा असेल, विम्याचा एजंट असेल. आमच्या कामात अशा बातमीखाली 'खात्री झालेली नाही' असं लिहून पुढे जायचं असतं. पण बाप म्हणून मला पुढे जाता येईना. डायरीवाला माणूसही काही लिहीत नव्हता. मग तो उठला, अक्काला वाकून नमस्कार केला आणि गिरणीकडे गेला.

ऑर्डर दीड महिन्यानं आली. आज मी त्याच खात्यात आहे, पुन्हा टेबल आहे, कागद आहेत, आणि आपल्या माणसांबद्दल लिहिताना मी दोनदा तपासतो. या नोकरीनं मला पुन्हा माणसांत आणलं आणि ती मला त्या गल्लीनं दिली, हे मी कुठेही, कोणासमोरही कबूल करतो.

पण सांगायचंय ते त्याच दुपारचं. तो माणूस वळणाआड गेल्याबरोबर मी अक्काच्या ओट्यावर जाऊन बसलो. आधी तिचे पाय धरले, म्हटलं, अक्का, मी चुकलो. मग विचारलं, "एवढी मोठी गोष्ट, मला का नाही सांगितलीस?"

"मी सांगतू तर तू नोकरी टाकीसन ई जाता," ती म्हणाली.

"सोडून आलोच असतो! पोरीला काही झालं असतं तर?"

"काय व्हई? वरीसभर मी रोज तिनासंगे शाळापावत गयू. तिले सांगं, माले मारुतीना देऊळमा जानं शे." मग तिनं सुजलेला उजवा पाय हातानं उचलून जरा लांब केला, कारण खाली बसलं की तो आता तिचा तिला सरळ होत नाही. "तवय मना गुडघा चांगला व्हता."

मी त्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि भर दुपारी, अख्ख्या गल्लीदेखत, लहान पोरासारखा रडलो.