चाचांना आत कुणी बोलावलं नाही

तुमच्या घरातल्या आजारी माणसाचा रिपोर्ट डॉक्टरांनी कुणाला सांगितला? त्याला, की बाजूला घेऊन तुम्हाला?

जाफराबादच्या जीप स्टँडवर त्यांना सगळे नंबरवाले चाचा म्हणत. कोणती जीप कितव्या नंबरला सुटणार हे ते ठरवत आणि ती भरेपर्यंत ओरडत. आवाज असा, की एसटीत चढलेला माणूस उतरून जीपकडे यायचा. "चला जालना, जालना! निघाली, निघाली! एकच सीट!" गाडीत तेव्हा ड्रायव्हरसुद्धा नसायचा. एकदा अर्धा तास बसून कंटाळलेली एक म्हातारी चिडली, "काय रे बाबा, कवाची निघून राह्यली तुझी गाडी?" चाचा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "मावशी, मनानं निघाली. चाकं मागून येतेत."

मी कॉलेजला त्याच जीपने जायचे. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. वडील मोर्चांची पत्रकं छापून आणत, त्यांवरच मी अक्षरं गिरवली आणि पुढे स्वतः लिहू लागले. माझ्या हातातला गठ्ठा दिसला की चाचा विचारत, "आली का पत्रकवाली? आज कोणाचं सरकार पाडायचं?" आणि स्वतःच प्रवाशांना एकेक वाटत. "वाचा, वाचा. गाडी सुटेपर्यंत लई टाइम हाये." रुग्णाच्या हक्कांवरचं माझं पत्रकही त्यांनीच वाटलं होतं.

त्यांची धाकटी शबाना बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. नातेवाईक स्थळ घेऊन आले की चाचांचं उत्तर ठरलेलं, "आधी डिग्री, मंग बिर्याणी." एवढं बोलून ते पाहुण्यांना जीपमध्येही बसवून देत.

मग चाचांच्या गालात गाठ निघाली. वर्षानुवर्षं तंबाखूची गोळी ठेवायचे, त्याच जागी. कॅन्सर होता. ऑपरेशन झालं आणि काढलेल्या गाठीचा रिपोर्ट घ्यायला मी त्यांच्यासोबत शहरात गेले. मुलगा हैदराबादला कामाला, चाचींना कागदपत्रं जमायची नाहीत. डॉक्टर दारातूनच म्हणाले, "पेशंटला बसू द्या, तुम्ही या."

आमच्याकडे हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. वाईट असेल ते पेशंटला कळू द्यायचं नाही, घरच्यांनी गिळायचं. चाचांनी थोरल्या भावाच्या वेळी हेच केलं होतं. भाऊ शेवटपर्यंत समजत होता, आपल्याला साधा अल्सर आहे.

आत दीड मिनिट लागलं. कापलेल्या भागाच्या कडा साफ आहेत, मानेच्या गाठींत काही नाही, आणखी उपचारांची गरज नाही, तीन महिन्यांनी दाखवा. "सर, हे त्यांना आत बोलावून सांगता का?" एवढं विचारायचं होतं. डॉक्टरांनी पुढची फाईल उघडली आणि तहसीलदाराचं टेबल वाजवणारी मी "थँक यू सर" म्हणून बाहेर पडले.

बाहेर येताच मला रडू फुटलं. सुटकेचं रडू. पण चाचांना फक्त रडणं दिसलं.

"सगळं साफ आहे, चाचा! काही राहिलं नाही!"

"हां बेटा, बराबर." त्यांचे शब्द अजून जड यायचे. "कित्ती टाइम हाये?"

परतीच्या वाटेवर मी रिपोर्टची ओळ न् ओळ मराठीत सांगितली. ते माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "बेटा, तीस साल मी रिकाम्या गाडीला 'निघाली, निघाली' म्हणलो. माणसाला बसवून ठेवायचं तर असंच बोलावं लागतं. तू चांगलं बोलून राह्यली. बिलकुल चांगलं."

महिन्याच्या आत शबानाचा निकाह ठरला. चाचांना तो आपल्या डोळ्यांसमोर व्हायला हवा होता. मी भांडायला गेले. शबाना भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "ताई, मरणाऱ्या बापाला न्हाई कसं म्हणू?"

"ते मरत नाहीयेत गं!"

"मंग डॉक्टरनं अब्बांना का न्हाई सांगितलं?"

तेव्हा तरी चाचांना गाडीत घालून परत दवाखान्यात न्यायला हवं होतं. पण माझी परीक्षा होती, डॉक्टरांची वेळ मिळत नव्हती, आणि मला सांगायला लाज वाटते, मी घरी येऊन लग्नाच्या वयावर एक जळजळीत पत्रक लिहिलं.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी चाचांच्या तोंडात बॅटरी मारून पाहिली. "मस्त आहे काका. पहिल्या रिपोर्टपासूनच साफ आहात."

चाचा खुर्चीतून उठेनात. "मंग मला का न्हाई सांगितलं, साहेब?"

"यांना सांगितलं होतं की," डॉक्टर माझ्याकडे बघत म्हणाले. आणि ते खरं होतं.

चाचांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. अजूनही देत नाहीत. त्यांची तब्येत चांगली आहे, पण स्टँडवर ते परत गेले नाहीत. शबाना जिंतूरला सासरी असते. त्या दिवशी दवाखान्यातून परत येताना बदनापूरच्या पुढे कुठेतरी, खिडकीबाहेर बघत ते एवढंच म्हणाले, "आता तिचं तिसरं वर्ष सुरू झालं असतं."

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. ते माझ्या हातून झालं नाही. पुढच्या वेळी डॉक्टर तुम्हाला एकट्याला आत बोलावतील, तेव्हा एकटे जाऊ नका. ज्याचं शरीर कापलंय त्याचा हात धरून त्याला आत न्या. खुर्ची एकच असेल तर त्याला बसवा, तुम्ही उभे राहा. आणि डॉक्टरांनी तुमच्याकडे बघून बोलायला सुरुवात केली, की त्यांना थांबवा. म्हणा, मला नको, यांना सांगा.