दोन केस आत बसवलेली गोळी

आमच्या पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात हजार यार्डांवर नेम धरणारी माणसं काडतुसं दुकानातनं आणत नाहीत, घरीच भरतात. अर्डिथ क्लाइनफेल्टर त्यातलीच. तीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई. हात दगडासारखा स्थिर. आमच्या नेमबाजी क्लबाच्या भिंतीवर शरदातल्या सामन्याच्या विजेत्यांची पाटी होती आणि तिच्यावर एकाही बाईचं नाव नव्हतं. अर्डिथला तिथं आपलं नाव पाहिजे होतं, आणि ते ती लपवतही नव्हती.

अख्खा हिवाळा तिनं एकाच गोष्टीत घातला. गोळी काडतुसाच्या पितळात किती खोल बसवायची? थोडी बाहेर ठेवली, तर टोक बंदुकीच्या नळीतल्या पिळांना, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांना, जाऊन टेकतं. आत दाबली, तर मधे जागा राहते. केसाकेसाच्या जाडीनं सरकवत तिनं पाच-पाच गोळ्या झाडून बघितल्या. टेकलेल्या गोळीची भोकं कागदावर सगळ्यांत जवळ पडत होती. तरी तिनं गोळी दोन केसांच्या जाडीइतकी आत बसवली.

सात वेळा पाटीवर चढलेला आणि गोळी पिळांना टेकवूनच भरणारा मर्ल हार्टझेल हे ऐकून खदाखदा हसला.

"अगं, जिंकायला आलीस का जेवायला?"

"दोन्हीला. पण भरलेलं काडतूस मला परत काढता आलं पायजे."

"काढायचं कशापायी? ते झाडायचं असतंय!"

सामन्यात दोघं शेजारी-शेजारी बसले. प्रत्येकाला दहा गोळ्या; ज्याची भोकं सगळ्यांत जवळ, तो जिंकला. तीन-तीन झाल्या, चौथं काडतूस आत गेलं, तेवढ्यात पंच ओरडला, "थांबा! काडतुसं बाहेर!" निशाणांपुढनं दहा-बारा रानटर्की, म्हणजे रानातल्या थोराड कोंबड्या, वरातीसारख्या रमतगमत चालल्या होत्या.

काडतूस काढायला मर्लनं बंदुकीचा बोल्ट, म्हणजे मागचा दांडा, मागं ओढला. नुसतं पितळ बाहेर आलं. गोळी पिळात रुतून बसलेली, आणि दारूचे दाणे बंदुकीच्या पोटात, चापाच्या सांध्यात सांडलेले. शेजारी अर्डिथचं काडतूस तिच्या तळहातावर अख्खंच्या अख्खं.

मर्लनं गज घालून गोळी काढली, पण चाप काही मोकळा होईना. पंचानं त्याची बंदूक बाद केली. टर्की झाडीत शिरल्यावर अर्डिथनं उरलेल्या सात गोळ्या सावकाश झाडल्या. कागद आला, फूटपट्टी लागली. दहाच्या दहा भोकं साडेपाच इंचांत. बाकी कुणी सहाच्या खाली नव्हतं.

"टर्कींनी जिंकवलं तुला," मर्ल फुरफुरला.

"का रं, टर्की काय एकट्या तुझ्याच पुढनं गेल्या?"

"माझ्या दहाही सुटल्या असत्या तर चार इंचांत बसल्या असत्या!"

"बसल्या असत्या की. मी हिवाळाभर बघितलंय ते. पण त्या 'सुटल्या असत्या तर'पायीच टेकवायचं सोडून दिलं."

मर्लनं टोपी काढली. त्या माणसानं टोपी काढलेली मी त्याच्या लग्नातसुद्धा पाहिली नव्हती.